एका रात्रीपुरती पुस्तकं

तात्यांनी जन्मात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही. हे ते स्वतःच सांगत आणि सांगताना त्यांना जराही लाज वाटत नसे. "बाई, कापड पारखायला समदं ठान उलगडावं लागतं व्हय? काठाला बोट लावलं की समजतं," असं म्हणून ते दोन पानं चाळत, पुस्तक नाकाशी नेऊन वास घेत आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवून टाकत. आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय अशा माणसाच्या हाती होतं.

तात्या धंद्यानं शिंपी. आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्याला लागून. चावडीशेजारी पत्र्याची एक खोली, तिच्यात दोन कपाटं आणि एक बाक, एवढंच ते वाचनालय. माणूस ठेवायची पंचांची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी खोलीपुढच्या ओटीवर तात्यांना शिलाईचं मशीन टाकू दिलं आणि बदल्यात वाचनालयाची किल्ली त्यांच्या करगोट्याला अडकवली. तात्यांनी ती जी अडकवून घेतली ती कायमची. पुस्तकाची पाठ उसवली की ते दाभण घेऊन बसत आणि त्या दिवशी मशीनवर जो दोरा असेल त्यानं पान न् पान टाचून टाकत. त्यामुळे आमच्या वाचनालयात गंभीर ग्रंथ गुलाबी दोऱ्याचे आणि रहस्यकथा पांढऱ्या दोऱ्याच्या असा सगळा उलटा कारभार होता.

उन्हाळा लागला, शाळेच्या परीक्षा आटोपल्या, की तात्यांचा खरा हंगाम सुरू होई. लग्नसराईचे कपडे एकीकडे आणि उन्हाळी पुस्तकं एकीकडे. पुस्तक मागायला आलेल्या माणसाला ते आधी पायापासून डोक्यापर्यंत निरखून बघत. गळ्यात टेप असेच. तुम्हाला काय हवंय हे विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. "थांबा, तुमच्या मापाचं काढतो," एवढं म्हणून ते आत जात.

आणि माप चुकायचं! गावच्या एका तालमीतल्या पोराला त्यांनी बालसंगोपनाचं पुस्तक दिलं. पोरगं दुसऱ्या दिवशी तणतणत आलं. "तात्या, माझं आजून लगीन न्हाई झालं, गावात हसं केलंत माझं!" तात्यांनी सुईतून मान वर न काढता सांगितलं, "वाढत्या अंगाला जरा ढगळ शिवावं, बाबा." पुढं लग्न होऊन त्याला मुलगी झाली तेव्हा तो त्याच पुस्तकासाठी चकरा मारायला लागला, आणि तेव्हा ते नेमकं दुसऱ्या कुणाकडे तरी होतं. मला त्यांनी पहिल्यांदा खुनाची एक जाडजूड कादंबरी दिली. मी मिशनच्या शाळेत शिकवणारी, चार बुकं शिकलेली; मला वाटलं, माझ्याकडे बघून यांना खून कसा काय सुचला? मनातून रागावलेच. पण त्या संध्याकाळी माझ्या चुलीवरची डाळ करपली. आईनं पातेलं घासताना माझ्या सगळ्या शिक्षणाचा उद्धार केला.

वाचनालयाच्या दाराला एक फळा होता. नगरहून मोटार आली की तिच्यातून वर्तमानपत्र येई. लढाईच्या दिवसांत ते इतकं बारीक झालं होतं की तात्या त्याला "आजारी पेपर" म्हणत. ते मशीनवर पसरून ते वाचत आणि मग खडूनं फळ्यावर बातम्या लिहीत. जगाच्या आणि वाचनालयाच्या एकाच दमात. बोलताना गावरान असलेले तात्या फळ्यावर मात्र अगदी सरकारी होत. एक फळा मला अजून तोंडपाठ आहे. "रशियात बर्फ पडत आहे. आपल्याकडे ऊन कडक आहे, तरी दुपारी सावलीत बसून वाचावे. प्रवासवर्णनाचा दुसरा भाग हरवला आहे. ज्याच्याकडे असेल त्याने पहिलाही घेऊन जावा, म्हणजे निदान एका घरी तरी प्रवास पुरा होईल."

लोक हसत. तात्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. एकूणच ते हसरे नव्हते. चेहऱ्यावर कायम भर उन्हातून चालून आल्यासारखा शीण. बसताना "रामा" आणि उठताना "रामा", मधे फारसं काही नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची आळी ओढ्यापलीकडे. आजोबांच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो, प्रार्थनेला देऊळ बांधलं, शाळा आली, पण गावाच्या लेखी आम्ही ओढ्यापलीकडचे ते ओढ्यापलीकडचेच राहिलो. मी शाळेतली बाई म्हणून वाचनालयाच्या पायरीपर्यंत जात असे. पुस्तक तात्या बाहेर आणून देत. आत ये असं मला कुणी म्हटलं नाही आणि मीही गेले नाही. आमच्या आळीतलं बाकी कुणी पायरीशीही जात नसे.

मग रेशन आलं. ज्वारी ठेवायला सरकारला जागा हवी होती आणि गावात पत्र्याची, कुलपाची खोली एकच. वाचनालयाचे अध्यक्ष दादासाहेब, गावातले मोठे बागाईतदार. त्यांनी तात्यांना बोलावून सांगितलं, "पुस्तकं पोत्यात भर आन् आमच्या माळ्यावर टाक. पावसाच्या आधी खोली मोकळी करून देतो म्हनलेत."

तात्या त्या दिवशी माझ्या शाळेच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. मी बाहेर गेले. म्हणाले, "बाई, माळ्यावर वाळवी हाय. म्या डोळ्यानं बघितलीया. पावसापत्तूर पोत्यात पुस्तकाचं पीठ व्हईल."

"मग काय करायचं ठरवलंत?"

"घरोघर वाटून टाकतो. उन्हाळाच हाय, वाचतील बी आन् सांभाळतील बी. खोली गावली की गोळा करू."

कल्पना चांगली होती. मी लगेच मास्तरकीवर आले. "तात्या, कुणाकडे कोणतं दिलं ते लिहून ठेवा. मी वही देते."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच ओशाळले. "गिऱ्हाइकाचं माप लिवून ठिवतो त्यो शिंपी कच्चा, बाई." झालं. वही काही घेतली नाही.

पावसाआधी खोली मिळायची होती. पाऊस आला, गेला. ज्वारी खोलीतच राहिली. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. कापडही कंट्रोलात गेलं, तशी तात्यांच्या मशीनला कामच उरलं नाही. ते मोटारथांब्यावरच्या लिंबाखाली मशीन घेऊन बसत. फळा लिंबाला टांगलेला. कोळशावर चालणारी मोटार धापा टाकत येई, तात्या पेपर घेत, दोन ओळी लिहीत आणि मग धोतराचं जुनं पान खांद्यावर टाकून पुस्तकांच्या फेरीला निघत. या घरातलं घ्यायचं, त्या घरात द्यायचं. भंडारदऱ्याचं पाणी पाटाला सुटलं की जसं या शेतातून त्या शेतात वळवत नेतात, तशी त्यांनी पुस्तकं गावात फिरती ठेवली. लोक त्यांना आधी थट्टेनं आणि मग सवयीनं विचारू लागले, "तात्या, आमच्या दारी कवा?" दादासाहेबांच्या घरीसुद्धा पुस्तकं जात. त्यांच्या सौभाग्यवतींना सामाजिक कादंबऱ्या लागत आणि त्या मिळेपर्यंत तात्यांना चहा मिळत नसे.

आमच्या आळीत तात्या पहिल्या उन्हाळ्यात आले तेव्हाचं मला आठवतं. खांद्याला स्वतःचा तांब्या बांधलेला. आमच्या ओट्यापाशी आले, गाठोडं सोडलं, एक पुस्तक ओट्याच्या कडेला ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. आईनं पुस्तकाकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. आई फार स्पष्ट बोलायची.

"तात्या, त्यात इंचू हाय का?"

"न्हाई बा. का?"

"मंग हातात द्या की."

तात्यांचा चेहरा पडला. त्यांनी पुस्तक उचललं आणि आईच्या हातात दिलं. ते काही सुधारक नव्हते. आमच्याकडचं पाणी ते तेव्हा घेत नसत. "घरी बायकू इचारंल, उगा कटकट," असं खरं कारण त्यांनी मला सांगितलं होतं, आणि त्या खरेपणामुळेच मला राग धरता आला नाही. पण पुस्तक त्यानंतर हातातच देत.

मात्र आमच्याकडे ते उन्हाळ्यातून एखाद्याच वेळी येत. ओढा ओलांडायचा, चढ चढायचा, आणि त्यांना दम लागायला लागला होता. आणलेली थोडकी पुस्तकं आमच्या आळीतच या घरातून त्या घरात फिरत राहिली. मधमाशांचं एक, ती खुनाची कादंबरी, गलबतावरच्या खलाशाचं एक, आणखी चारदोन. खलाशाचं पुस्तक तर पोरांना इतकं पाठ झालं होतं की प्रवरेला गुडघाभर पाणी असलं तरी ती वादळात सापडत. गावात कपाटभर पुस्तकं होती. आमच्या वाट्याला आली ती मूठभर, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

स्वातंत्र्य आलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात खोली मोकळी झाली. तात्यांनी फळ्यावर लिहिलं, "वाचनालय पूर्ववत सुरू होत आहे. पुस्तके परत आणावी. फाटली असल्यास लाजू नये, दोरा आहे." आणि पुस्तकं खरंच आली. सगळी नाही, पण बहुतेक आली. कुणी कव्हर घालून आणलं, कुणाच्या पुस्तकात भाजीचं देठ निघालं. मी आमच्या आळीतली घेऊन गेले तेव्हा खोलीत पंच जमले होते. दादासाहेब बाकावर होते, त्यांच्या मांडीवर त्यांच्या घरून आलेली एक कादंबरी. तात्या खाली बसून सुईत दोरा ओवत होते. मी नेहमीसारखी पायरीशी थांबले.

माझ्या हातातली पुस्तकं बघून दादासाहेब जरा अवघडले. मग तात्यांना म्हणाले, "हे बघ तात्या, माझं सोताचं काय न्हाई. पर लोक बोलाया लागलेत. त्या आळीत ज्या पुस्तकांचा मुक्काम झाला ती येगळी ठिवू. दुसऱ्या कपाटात. म्हंजी ज्यांना चालंल ते घेतील, ज्यांना न्हाई ते न्हाई. कोनती कोनती तिकडं गेल्ती तेवढी काढून दे."

देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं. मला रडू आलं नाही, रागही आला नाही, फक्त फार थकल्यासारखं वाटलं. हातातली पुस्तकं जड झाली. मला वाटलं, ठेवावीत पायरीवर आणि जावं घरी, आणि पुन्हा या दारी येऊ नये.

तात्यांचा दोरा सुईत जात नव्हता. त्यांनी तो पुन्हा ओला केला.

"समदी," ते म्हणाले.

"समदी काय?"

"समदी गेल्ती तिकडं. फिरती ठिवली हुती नव्हं म्या? ह्या घरातनं त्या घरात, त्या घरातनं ह्या घरात. त्यातलं एक बी ऱ्हायलं न्हाई. समदी जाऊन आल्यात."

दादासाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बाई, खरं का?"

मी शाळेत पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावणारी बाई. रविवारी देवळात पहिल्या रांगेत बसणारी. तात्या माझ्याकडे बघतच नव्हते, सुईकडे बघत होते.

"होय," मी म्हटलं. "सगळी."

दादासाहेबांनी मांडीवरच्या कादंबरीकडे पाहिलं. त्यांच्या घरात ती कुठं असायची, कुणाच्या उशाशी असायची, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. "मंग तर आमच्या घरात बी..." एवढं बोलून ते थांबले. कुणी तरी हळूच म्हणालं, "आता काय समदी जाळायची व्हय?" नवी पुस्तकं आणायची तर कागद मिळत नव्हता आणि वर्गणीला कुणी पुढं येत नव्हतं. दादासाहेब उठले. कादंबरी तात्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "लाव मंग कपाटात." आणि धोतर सावरत निघून गेले.

मला वाटलं, संपलं. आमची आळी जिंकली, आणि तेही एका शब्दात. मी त्या आठवड्यात फार खुशीत होते, खोटं का सांगू.

पण तात्या खुशीत नव्हते. एका दुपारी ते आमच्या ओट्यावर आले. भर वैशाखाचं ऊन, डोळे लाल, खांद्यावर गाठोडं. बसताना "रामा" म्हणाले. मग म्हणाले, "बाई, ते खोटं लई जड झालंय. रातीला झोप न्हाई."

आई आत भाकऱ्या करत होती, ती बाहेर आली. "आमच्यात असं झालं की कबूल करून मोकळं व्हत्यात, तात्या. देवापुढं आन् मानसांपुढं."

"कबूल केलं तर कपाट येगळं व्हईल की वो."

आई पिठाचे हात पुसत खाली बसली.

तात्यांनी गाठोडं सोडलं. "म्हून म्हनलं, खोटं मागं घेता येत न्हाई तर खरं करून टाकावं. समदी पुस्तकं एकेक डाव हिकडं आनतो. एक रात तुमच्या घरात ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या दिशी म्या नेतो. मंग समदी जाऊन आली असं व्हईल. वाचलीच पायजेत असं न्हाई. वाचलीत तर बरं."

मला हसावं की काय करावं ते कळेना. मी म्हटलं, "तात्या, मी आणते की वाचनालयातून. तुम्ही कशाला या उन्हात?"

"खोटं म्या बोललो."

"मीही बोलले."

"तुमी माझ्या मागनं बोलला," तात्या म्हणाले. आमच्यातला हा हिशेब त्यांच्या परीनं तिथं मिटला.

मग त्या उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तात्या येत राहिले. दुपारचं गिऱ्हाईक नसे, म्हणून दुपारीच. चढावर दोनदा थांबत. पुस्तकं ठेवत, आदल्या दिवसाची उचलत आणि परत. आमच्या घरात भिंतीला लागून पुस्तकांची रांग असे. आई आल्यागेल्याला सांगे, "पाहुणे हायेत, एका रातीचे." आळीतली मोठी पोरं आणि बाया कंदिलाचं तेल संपेपर्यंत त्यावर तुटून पडत, कारण दुसऱ्या दिवशी ती जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. वाचायचा असा सपाटा मी पुढं कुठल्या मोठ्या वाचनालयातही पाहिला नाही. केव्हातरी तात्यांच्या खांद्यावरचा तांब्या यायचा बंद झाला. कधीपासून ते मला सांगता येणार नाही. आईनं पाणी दिलं आणि ते प्यायले, बस. कुणी त्याचा गवगवा केला नाही.

ते त्या दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, पावसाळा संपता संपता गेले. छातीचंच होतं; उन्हाळ्यातच अंथरूण धरलं होतं. किल्ली दुसऱ्या कुणाकडे गेली. कपाट वेगळं झालं नाही, ते अजूनही एकच आहे. सगळी पुस्तकं तिकडे जाऊन आली का, असं मला आज कुणी विचारलं तरी मी होय म्हणेन. ते खरं आहे की खोटं, हे मात्र मलाही माहीत नाही. का माहीत नाही, ते त्यांना आमच्या ओट्यावर शेवटचं पाहिलं त्या दुपारचं सांगितलं म्हणजे कळेल.

शाळेला सुट्टी लागली होती. परीक्षेचे पेपर तपासून, आईचं दुखणं काढून मी अगदी मेटाकुटीला आले होते. तात्या आले, गाठोडं ठेवलं, "रामा" म्हणून बसले. घटाघटा पाणी प्यायले. ओठ सुकलेले, बनियन पाठीला चिकटलेलं. मी विचारलं, "तात्या, आता किती राहिली?"

ते विचार करायला लागले. बोटांवर काही तरी मोजलं, सोडून दिलं, पुन्हा मोजलं. मग गाठोड्यातली पुस्तकं एकेक उचलून पाहिली. पिवळा दोरा, हिरवा दोरा, पुन्हा पिवळा.

"बाई, हे आदी आनलं हुतं का म्या?"

"मला आठवत नाही, तात्या. खूप आली, खूप गेली."

"मला बी न्हाई आठवत." त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. पहिल्यांदाच मी त्यांच्या चेहऱ्यावर हसू पाहिलं, तेही किती दमलेलं. "तुमी वही देत हुता तवा घ्याया पायजे हुती."

"वही असती तर त्या दिवशी दादासाहेबांनी ती मागितली असती."

"ते बी खरं," ते म्हणाले. थोडा वेळ समोरच्या ओढ्याकडे बघत बसले. ओढा कोरडा पडला होता. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "ऱ्हाऊ द्या. पयल्यापासनं आनतो. एखादं दोनदा आलं तर बिगडत न्हाई, पर एखादं ऱ्हायलं तर खोटं ऱ्हाईल."

हा माणूस इतका दमलेला आहे आणि हा परत पहिल्यापासून सुरू करणार आहे, एवढंच मनात येत राहिलं. मी म्हटलं, "तात्या, मला या उन्हाळ्यात काय देता वाचायला?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं, नेहमीसारखं. गळ्यात टेप होता.

"औंदा तुमाला काय देत न्हाई," ते म्हणाले. "लई दमल्यावानी दिसता, बाई. औंदा नुस्तं निजा."

आणि धोतराचं ते पान आमच्या माठाखालच्या पाण्यात भिजवून त्यांनी डोक्यावर घेतलं आणि पुढचं गाठोडं आणायला चढ उतरून गेले.